जुना कब कॅडेट उभा करताना: आधी पिना, मग रंग

जुन्या कब कॅडेटची, म्हणजे घरच्या आवारात गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरची, जाहिरात पाहताना नजर पहिल्यांदा पत्र्यावर जाते. बॉनेट किती गंजलंय, सीट फाटलीय का, पिवळा रंग कुठे उडालाय. यातलं काहीही दोन शनिवारांत सुटतं. हा ट्रॅक्टर पत्र्याने मरत नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पिना सैल होतात, त्या पिनांची गोल भोकं अंडाकृती होतात आणि शेवटी मालक कंटाळून गॅरेजच्या मागे ताडपत्री टाकून देतो. म्हणून इथे क्रम उलटा आहे. आधी जिथे धातूवर धातू घासतो ती ठिकाणं, आणि रंग सगळ्यात शेवटी.

कुठल्या ट्रॅक्टरबद्दल बोलतोय ते आधी ठरवू. इंटरनॅशनल हार्वेस्टरने अमेरिकेत, केंटकी राज्यातल्या लुइव्हिलच्या कारखान्यात, १९६१ च्या मॉडेलपासून कब कॅडेट विकायला सुरुवात केली. त्याच कारखान्यात फार्मॉल कब हा शेतीचा छोटा ट्रॅक्टर बनायचा, आणि मागच्या ओतीव लोखंडी गिअरबॉक्समध्ये ते नातं उघड दिसतं. १९८१ मध्ये हा धंदा एमटीडी या कंपनीकडे गेला. घरी दुरुस्त करायला सगळ्यात सोयीचे म्हणजे १९६३ ते १९७१ मधले अरुंद चासीचे, गिअरवाले ट्रॅक्टर: ७०, १००, १०२, १२२, १०४, १२४, १०६, १२६. तीन पुढचे गिअर, एक रिव्हर्स. इंजिन कोहलर कंपनीचं के मालिकेतलं, एका सिलिंडरचं, हवेने थंड होणारं. १००, १०२, १०४ आणि १०६ ला दहा घोड्यांचं के २४१. १२२, १२४ आणि १२६ ला बारा घोड्यांचं के ३०१. इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत सरळ शाफ्ट जातो, मध्ये पट्टा नाही. त्या काळचे हायड्रोस्टॅटिक (गिअर बदलण्याऐवजी तेलाच्या दाबाने चालणारे) मॉडेल वेगळ्या जातीचे, त्यांचा विचार इथे केलेला नाही.

उचलून आणण्याआधी

इंजिन चालू होतं की नाही, याला विकणारा आणि घेणारा दोघंही उगाच महत्त्व देतात. बंद इंजिन सहसा पन्नास वर्षं जुन्या पॉइंटमुळे (उघड-मीट होऊन ठिणगी पाडणारे संपर्क) किंवा डिंकासारखं घट्ट झालेल्या पेट्रोलमुळे बंद असतं. त्यापेक्षा या गोष्टी बघा.

प्लग काढून पुढच्या पुलीने इंजिन हाताने फिरवा. फिरलं तर उत्तम. जाम असेल तर भाव निम्मा करा, पण सोडून देऊ नका.

गाडीखाली आडवं व्हा आणि गिअर टाकलेला असताना ड्राइव्ह शाफ्ट हाताने डाव्या-उजव्या बाजूला फिरवा. मागच्या कपलिंगजवळ शाफ्ट फिरतो पण कपलिंग फिरत नाही, मध्ये टिचभर मोकळं जातं, असं दिसलं तर तिथली पिन आणि भोकं गेली. हे दुरुस्त होतं, पण किमतीत धरायला हवं.

पुढचा अॅक्सल जॅकने उचलून चाक वर-खाली, पुढे-मागे हलवा. स्टिअरिंगला पाव फेरी मोकळी असेल तर नवल नाही. अर्धी फेरी असेल तर स्टिअरिंग बॉक्स, किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) आणि अॅक्सलची मधली पिन, तिन्ही बघावं लागणार.

शेवटी गिअरबॉक्सचा मागचा लेव्हल प्लग सैल करा. बाहेर आलेलं तेल चहासारखं दुधी असेल तर आत पाणी शिरलंय. तेल बदलून भागेल की बेअरिंगना गंज चढलाय, हे मागचं झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. झाकण उघडायला तासभरही लागत नाही, तेव्हा अंदाज बांधण्यापेक्षा उघडावं.

पाने

भारतातून अमेरिकेत येताना आणलेला मिलिमीटर पान्यांचा सेट इथे बाजूला ठेवा. गाडीतला प्रत्येक बोल्ट इंचाचा आहे. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाच्या, बोल्टहेडवर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. तो तीन दशांश मिलिमीटरचा फरक गंजलेल्या बोल्टच्या कडा गोल करतो, आणि मग छिन्नी लावायची वेळ येते. साडेतीन, चार, साडेचार आणि सहा सुताचे सहाकोनी सॉकेट घ्या, बाराकोनी नको. त्याशिवाय लागतात: फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), टॉर्क पाना, फ्लायव्हील पुलर, व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प आणि पिना ठोकायचे सरळ पंच. टोकदार पंचाने पिन फुगते आणि जास्तच अडकते.

स्टार्टर मारायची घाई

बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरला बॅटरी लावून किल्ली फिरवायचा मोह आवरा. इंजिनावरचं पत्र्याचं आवरण आधी काढा. आत सिलिंडरच्या पंख्यांमध्ये, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या पातळ कडांमध्ये, हमखास उंदराचं घरटं असतं: गवत, कापूस, सीटचा फोम. हे इंजिन फक्त हवेने थंड होतं. पंखे बुजलेले असताना दहा मिनिटं गवत कापलं तर हेड वाकतं आणि हेड गॅस्केट फुटतं. हे काम विसरूनच कितीतरी चांगली इंजिनं लोकांनी नव्याने मारली आहेत.

जाम इंजिनासाठी प्लगच्या भोकातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अॅसिटोन समसमान मिसळून साधारण अर्धा कप ओता. दोन-तीन दिवसांनी पुलीला लांब दांड्याचा पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे. एकाच दिशेला जोर लावला तर रिंग तुटते. आठवडाभर धीर धरला तर बहुतेक इंजिनं सुटतात. सुटल्यावर चालू करण्याआधी तेल बदला, कारण ते मिश्रण रिंगांच्या बाजूने खाली उतरलेलं असतं.

तेलाबाबत एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. या इंजिनाला ऑइल पंप नाही, फिल्टर नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक छोटी पळी आहे. ती दर फेरीला तेलात बुडून सगळीकडे तेल उडवते. पातळी खाली गेली की पळी कोरडी फिरते. रॉड अॅल्युमिनियमचा, त्यात वेगळी बेअरिंग नाही, थेट क्रँकपिनवर फिरतो. तेलाशिवाय तो मिनिटांत अॅल्युमिनियम क्रँकला चिकटवतो आणि मग तुटून ब्लॉकला खिडकी पाडतो. उतारावर तासभर गवत कापताना हेच होतं. एसएई ३० तेल, डिपस्टिकच्या खुणेपर्यंत, दर २५ तासांनी बदली. याला पर्याय नाही.

पॉइंट, कॉइल, टायमिंग

लॅम्ब्रेटा किंवा जुन्या बजाजचे सीबी पॉइंट ज्यांनी घासलेत त्यांना इथे शिकायला फार नाही. पॉइंट इंजिनाच्या बाजूला, छोट्या झाकणाखाली असतात. फ्लायव्हील काढावं लागत नाही, ही मोठी सोय. कॅमवरून एक बारीक दांडी येते आणि ती पॉइंट उघडते. दांडी भोकात चिकटली असेल तर पॉइंट कितीही नवे बसवा, ठिणगी पडणार नाही. दांडी बाहेर काढून पुसा, तिला ग्रीस लावू नका.

पॉइंटमधलं अंतर २० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.५ मिमी. प्लगचं अंतर ३५ थाऊ. हे अंतर म्हणजे फक्त सुरुवात, खरं टायमिंग दिव्याने करतात. फ्लायव्हीलवर 'टी' आणि 'एस' अशा दोन खुणा आहेत आणि त्या आवरणाजवळच्या भोकातून दिसतात. 'टी' म्हणजे पिस्टन अगदी वर. 'एस' म्हणजे त्याच्या २० अंश आधी. बारा व्होल्टचा छोटा बल्ब बॅटरीच्या प्लसपासून पॉइंटच्या तारेला जोडा आणि कॉइलची तार काढून ठेवा. इंजिन चालण्याच्या दिशेने हळू फिरवा. 'एस' भोकाच्या मधोमध येताना बल्ब विझला तर टायमिंग बरोबर. आधीच विझला तर अंतर कमी करा, उशिरा विझला तर वाढवा.

कॉइल बदलताना आतल्या रेझिस्टरची, बारा व्होल्टची घ्या. सहा व्होल्टची किंवा बाहेरून रेझिस्टर लागणारी कॉइल लावली तर पॉइंट महिनाभरात काळे पडतात आणि दोष कंडेन्सरवर येतो. किल्ली चालू ठेवून इंजिन बंद राहिलं आणि पॉइंट मिटलेले असले, तर नवी कॉइलही तासाभरात तापून जाते.

पेट्रोल

टाकी लोखंडी आहे आणि पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं. अमेरिकेतलं आजचं पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यामुळे टाकीच्या तळाशी गंज आणि कार्बोरेटरमध्ये डिंकासारखा थर असतोच. टाकी काढून आत साधं व्हिनेगर आणि मूठभर बारीक साखळी किंवा नट टाका, रात्रभर ठेवा, मध्येमध्ये हलवा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, नाहीतर उरलेलं आम्ल आठ दिवसांत पुन्हा गंज आणतं. लगेच वाळवून आत थोडं तेल फिरवा. काचेची वाटी असलेला फिल्टर मूळचा असेल तर त्याचं कॉर्कचं पॅकिंग बदला. जुनं कॉर्क इथेनॉलमध्ये भुसा होतं.

कार्बोरेटरच्या दोन सुया असतात, एक मुख्य आणि एक आयडलची. उघडताना आधी त्या किती फेऱ्या बाहेर आहेत हे मोजून लिहून ठेवा. बसवताना बोटांनीच, अलगद टेकेपर्यंत आत घ्या, पक्कड लावू नका. जोरात घट्ट केलेल्या सुईवर वर्तुळाकार घळ पडते आणि मग ती कुठेही बसत नाही. सुरुवातीला दोन्ही सुया दोन फेऱ्यांच्या आसपास बाहेर ठेवा आणि इंजिन गरम झाल्यावर कानाने लावा. भार दिल्यावर इंजिन दम खातंय, खोकतंय, तर मुख्य सुई थोडी बाहेर. काळा धूर आला तर आत.

सगळं नवं करूनही आयडलला इंजिन वर-खाली होत असेल तर थ्रॉटलचा शाफ्ट बोटांनी हलवून बघा. खळखळत असेल तर त्या फटीतून हवा आत जातेय, आणि सुया कितीही फिरवून उपयोग नाही. भोक रीमरने मोठं करून पितळी बुश बसवावं लागतं. लेथवाल्याचं अर्ध्या तासाचं काम.

इंजिन उघडायचं का?

कॉम्प्रेशन मीटर इथे फसवतो. कॅमशाफ्टवर एक यंत्रणा आहे, जी इंजिन हळू फिरताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवते, म्हणजे सुरू करणं सोपं जातं. साहजिकच मीटरवरचा आकडा कमी दिसतो. सोपी चाचणी अशी: प्लग लावा आणि इंजिन हाताने उलट्या दिशेने जोरात फिरवा. उलटं फिरवताना ती यंत्रणा काम करत नाही. पिस्टन दाबावर आदळून जोरात परत फेकला गेला तर रिंग आणि व्हॉल्व्ह ठीक आहेत. फुसकन जात असेल तर हेड काढा.

हेड काढणं तसंही फायद्याचं, आत कार्बनचा थर बोटभर असू शकतो. हेड जाड काचेवर ठेवून फिलर गेजने बघा. कुठेही ३ थाऊपेक्षा जास्त फट असेल तर काचेवर बारीक एमरी कागद ठेवून आठाच्या आकड्यात घासत सपाट करा. नवं गॅस्केट, बोल्ट तीन टप्प्यांत आळीपाळीने समोरासमोर, शेवटी २५ ते ३० फूट-पाउंड. पहिल्यांदा गरम होऊन गार झाल्यावर पुन्हा तपासा.

व्हॉल्व्हचं अंतर गार इंजिनावर: इनटेक ८ ते १० थाऊ, एक्झॉस्ट १७ ते २०. एक्झॉस्ट दुप्पट का? तो लालबुंद तापतो आणि लांब होतो. त्याला जागा नसेल तर तो पूर्ण मिटत नाही, गरम वायू फटीतून सुटतात आणि व्हॉल्व्हची सीट (तो जिथे टेकतो ती कडा) जळते. व्हॉल्व्ह घासून बसवल्यावर तो खोल जातो आणि अंतर कमी होतं, म्हणून घासल्यानंतर मोजणं अनिवार्य. गार असताना नीट चालतं पण गरम झाल्यावर बंद पडतं आणि अर्धा तास परत चालू होत नाही, ही तक्रार असेल तर कॉइलच्या आधी हे अंतर बघा.

पिस्टन-रॉड बाहेर काढलाच असेल तर मायक्रोमीटरशिवाय पुढे जाऊ नका. के २४१ आणि के ३०१ दोघांचा क्रँकपिन नवा असताना दीड इंचाचा. तो अंडाकृती झाला असेल तर ग्राइंडिंग करून १० थाऊ अंडरसाइज करायचा. त्या मापाचा रॉड मिळतो. के २४१ चा बोअर सव्वातीन इंच, के ३०१ चा ३.३७५ इंच. घासलेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा घालून लोक पैसे वाचवतात आणि वर्षभरात निळा धूर पाहतात. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालणं शेवटी स्वस्त पडतं. नवी रिंग बोअरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट १० ते २० थाऊ हवी.

होनिंग (सिलिंडर आतून दगडाने घासणं) झाल्यावर सिलिंडर पेट्रोलने नाही, तर गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने, ब्रशने धुवायचा. पेट्रोल तेल काढतं, पण दगडाची बारीक पूड रेषांमध्येच राहते आणि नव्या रिंगा खाते. पांढऱ्या फडक्यावर करडा डाग यायचा थांबेपर्यंत धुवा, मग लगेच तेल लावा. रॉड आणि त्याच्या झाकणावरच्या खुणा समोरासमोर आल्या पाहिजेत आणि त्या फ्लायव्हीलच्या बाजूला हव्यात. बोल्टवाल्या रॉडला २८५ इंच-पाउंड, साधारण ३२ न्यूटन-मीटर. नट वेगळ्या प्रकारचे असतील तर आकडा बदलतो, तेव्हा रॉडसोबत आलेला कागद फेकू नका.

काही के इंजिनांत कंप कमी करायला दोन बॅलन्स गिअर असतात. त्यांची बेअरिंग झिजली की गिअर फुटतो आणि ब्लॉक घेऊन जातो. इंजिन उघडलेलं असेल आणि आत हे गिअर दिसले तर काढून टाका. कंप थोडा वाढतो, पण ब्लॉक शाबूत राहतो.

गव्हर्नर

गव्हर्नर नीट नसेल तर इंजिन चालू करूच नका. भार नसताना गती ३६०० फेऱ्यांच्या वर गेली तर हाच अॅल्युमिनियमचा रॉड तुटतो. सेटिंग सोपं आहे आणि इंजिन बंद असतानाच करायचं. ब्लॉकमधून बाहेर आलेल्या आडव्या शाफ्टवर हात बसवलेला असतो, त्याचा नट सैल करा. हात कार्बोरेटरपासून दूर ओढा, म्हणजे थ्रॉटल पूर्ण उघडेल. त्या स्थितीत शाफ्टचं टोक पकडीने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट, अडेपर्यंत फिरवा आणि नट आवळा. थांबलेल्या इंजिनात थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि इंजिन चालू होऊन गती घेतली की गव्हर्नर तो मिटवत नेतो, हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे. पहिल्यांदा चालू करताना एक हात किल्लीवरच ठेवा.

क्लच: इथेच खरा वेळ जातो

चार बोल्ट काढून इंजिन पुढे सरकवलं की क्लच समोर येतो. इंजिनाकडच्या तीन जाड पिना दोन प्रेशर प्लेटांना फिरवतात. त्या प्लेटांमध्ये डिस्क चिमटलेली असते आणि डिस्क शाफ्टला पिनेने बसवलेली. मागे जाड स्प्रिंग, तिच्यामागे थ्रो-आउट बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) आणि एक छोटी टीझर स्प्रिंग, जी क्लच झटक्याऐवजी हळू पकडायला लावते.

कुठे काय झिजतं आणि त्याची ओळख काय, हे एकेक बघू. तीन पिनांना प्लेटांनी खाचा पाडलेल्या असतात. मग पेडल सोडलं तरी प्लेट खाचेत अडकते आणि क्लच उड्या मारत पकडतो. खाच नखाला लागत असेल तर ड्रायव्हर प्लेट (या पिना बसवलेली प्लेट) बदला. फाइलने घासून सरळ केलेली पिन पुन्हा लवकरच खाचते. शाफ्टचं पुढचं टोक एका छोट्या बुशमध्ये फिरतं. ते बुश गेलं की शाफ्ट डोलतो, आणि पेडल दाबल्यावर किंचाळल्यासारखा आवाज येतो. बहुतेक लोक आवाज ऐकून थ्रो-आउट बेअरिंग बदलतात, आणि आवाज तसाच राहतो. पेडल दाबल्यावर खडखड येत असेल तर टीझर स्प्रिंगचे तुकडे झालेत का बघा. ती तुटलेली सापडणं अगदी नेहमीचं.

आता पिना. यात वापरलेल्या पिना गुंडाळलेल्या पत्र्याच्या, म्हणजे कॉइल पिन असतात. त्या भोकात दाबून बसतात, किंचित स्प्रिंगसारख्या देतात आणि झटका सोसतात. त्यांच्या जागी बोल्ट घालणं हा लोकप्रिय जुगाड आहे. बोल्ट भोकापेक्षा थोडा बारीक असतो, म्हणून तो पहिल्या दिवसापासून भोकात आपटतो आणि भोक आणखी मोठं करतो. डिस्कची पिन ठोकण्याआधी स्प्रिंग क्लॅम्पने किंवा प्रेसमध्ये दाबून धरा, कारण ती बरीच दाबलेली असते आणि मोकळी झाली तर तोंडावर येईल.

भोक अंडाकृती झालं असेल तर तीन मार्ग. नवा शाफ्ट घेणं, हे सगळ्यात निर्धोक. दुसरा, मागच्या कपलिंगला आणि शाफ्टला जुन्या भोकाशी काटकोनात नवं भोक, ड्रिल प्रेसवर, दोन्ही भाग एकत्र पकडून पाडणं. तिसरा, पुढच्या मापाची पिन घालायला भोक मोठं करणं, तेही फक्त डिस्कच्या हबमध्ये पुरेसं मांस उरत असेल तर. हाताच्या ड्रिलने यातलं काहीच करू नका. भोक अर्धा अंश जरी तिरकं गेलं तरी पिन एकाच कडेवर भार घेते.

बसवताना थ्रो-आउट बेअरिंग आणि रिलीज लिव्हर यांच्यात ५० थाऊ, म्हणजे सव्वा मिलिमीटरहून थोडी जास्त मोकळीक ठेवा. मोकळीक शून्य असेल तर बेअरिंग सतत फिरत राहतं, कोरडं होतं, आणि क्लच घसरतो. ब्रेकही याच पेडलवर आहे. म्हणून आधी क्लच लावा आणि मग ब्रेक. उलट केलं तर ब्रेक आधी पकडतो, क्लच पूर्ण सुटत नाही, आणि गिअर टाकताना दात वाजतात.

जुन्या डिस्क आणि ब्रेकच्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. तिथली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

स्टिअरिंग, गिअरबॉक्स, वीज

स्टिअरिंग बॉक्सच्या बाजूला एक बोल्ट आणि लॉक नट आहे. चाकं सरळ ठेवून मोकळीक जाईपर्यंत बोल्ट आत घ्या आणि मग पूर्ण वळवून कुठे अडतंय का बघा. मधोमध घट्ट आणि कडेला सैल असेल तर आतला वर्म (पेचदार दांडा) मध्ये झिजलाय. बॉक्स उघडताना खाली कापड अंथरा, बारीक छर्रे पडतात. अॅक्सलची मधली पिन सैल असेल तर भोक बोअर करून बुश घालणं हाच कायमचा उपाय.

गिअरबॉक्समध्ये हाय-ट्रान किंवा तशाच दर्जाचं हायड्रॉलिक-गिअर तेल, ७ अमेरिकन पाइंट, म्हणजे ३.३ लिटर. जाड गिअर ऑइल ओतायची जुनी सवय सोडा. हाय-ट्रान आत आलेलं पाणी सामावून घेतं, म्हणूनच ते दुधी दिसतं आणि वेळीच इशारा मिळतो.

या ट्रॅक्टरांना स्टार्टर आणि जनरेटर एकच आहे, पट्ट्यावर चालणारा. सुरू करताना तो मोटर होतो, नंतर चार्ज करतो. पट्टा सैल असेल तर दाबावर आल्यावर तो फक्त किंचाळतो. त्यावर उपाय मोठी बॅटरी नाही, पट्टा ताणणं आहे. बॅटरीचं निगेटिव्ह टोक चासीला. जनरेटर उघडला किंवा रेग्युलेटर बदलला असेल तर इंजिन चालू करण्याआधी रेग्युलेटरचे बॅटरी आणि आर्मेचर हे दोन टर्मिनल तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडा, एक ठिणगी पडेपर्यंत. आतल्या लोखंडाला योग्य दिशेचं चुंबकत्व मिळतं. हे विसरलं तर जनरेटर उलटा चार्ज करतो आणि नव्या रेग्युलेटरचे पॉइंट जाळतो.

गंज आणि रंग

छोट्या सुट्या भागांसाठी इलेक्ट्रोलिसिससारखं दुसरं काही नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी, दर चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचं निगेटिव्ह गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह कुठल्याही साध्या लोखंडी पट्टीला. स्टीलचा चमचा किंवा स्टेनलेसची पट्टी अजिबात नको, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून उघड्यावर करा आणि चार्जर बंद करूनच तारा हलवा. पेट्रोलची टाकी यात घालू नका.

मूळचा पिवळा रंग १९७८ च्या आधीचा, म्हणजे त्यात शिसं असू शकतं. कोरडा घासू नका, ओला घासा, आणि मुलांना लांब ठेवा. बाकी प्राइमर, दोन हात पिवळा, चाकं पांढरी. याबद्दल सगळीकडे पुरेसं लिहिलेलं आहे.

पहिले पाच तास

पहिली दहा मिनिटं अर्ध्या गतीवर, गवत न कापता. बंद करून गार होऊ द्या, हेडचे बोल्ट तपासा, तेलाची पातळी बघा. मग हलका भार, गती बदलत राहून. नव्या रिंगा एकाच गतीवर नीट बसत नाहीत. क्रँकच्या सीलमधून तेल येऊ लागलं तर सील बदलण्याआधी ब्रीदर (क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणारी झडप) उघडा. आतली पातळ पट्टी तुटली किंवा उलटी बसली तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो, आणि तेल मिळेल तिथून बाहेर पडतं. पाच तासांनी तेल काढून पांढऱ्या भांड्यात बघा. चंदेरी चकाकी थोडी असणारच, पण चुंबकाला न चिकटणारे दिसण्याजोगे कण असतील तर रॉड घासतोय, इंजिन उघडा. त्याच वेळी क्लचची ५० थाऊ पुन्हा मोजा. नव्या प्लेटा बसल्यामुळे ती पहिल्या पाच तासांतच सगळ्यात जास्त बदलते.